वाण, गुण आणि गरोदरपणातली साखर

मराठीत आनुवंशिकतेवर दोन म्हणी आहेत आणि दोघींचं आपसात पटत नाही. एक म्हणते, खाण तशी माती. आईबाप जसे, तशी लेकरं. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे कातडीचा रंग जन्माचा, तो काही बदलत नाही, पण सवयी मात्र शेजारच्या दावणीवरून येतात. शाळेत मराठी शिकवताना चौतीस वर्षं मी मुलांना या दोन्ही म्हणी 'वाक्यात उपयोग करा' म्हणून दिल्या. व्यवहारात मात्र पहिलीचाच उपयोग जास्त होतो, आणि तोही बहुतेक वेळा बायकांच्या बाबतीत. मुलगी पाहायची तर आधी तिची आई पाहावी, असं आपल्याकडे म्हणतात. मुलगा पाहायचा तर आधी त्याचा बाप पाहावा, असं मी तरी कधी ऐकलं नाही!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गरोदरपणातला मधुमेह.

"तिला गरोदरपणात शुगर निघाली," हे वाक्य हल्ली वरचेवर कानावर येतं. कुणाची सून, कुणाची भाची, कुणाच्या ऑफिसातली मुलगी. आणि वाक्य पुरतं संपायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो, "माहेरी कुणाला आहे का?" गंमत अशी की हाच प्रश्न दवाखान्यात डॉक्टरही विचारतात. शब्द तेच, क्रमही तोच. पण डॉक्टरांना ठरवायचं असतं की तपासणी किती लवकर आणि किती बारकाईने करायची. घरात विचारणाऱ्याला बहुधा ठरवायचं असतं की दोष कुणाच्या पदरात टाकायचा. या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाबद्दल मला आज लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. 'आनुवंशिक' हा शब्द सावध करण्यासाठी आहे, तो आरोप म्हणून वापरायचा नाही. तसा वापरला की त्याचा सावध करण्याचा उपयोगही संपतो.

मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले, पुढे बी.एड. आणि मग आयुष्यभर खडू. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर मिळतो आणि माझी एक माजी विद्यार्थिनी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती अजून मला 'बाई' म्हणते आणि मी फोनवर तिला अजून 'अगं, हे नीट समजावून सांग' म्हणते. तिच्याकडून आणि वाचनातून जे समजलं, ते आधी सांगते.

बाळ पोटात वाढू लागलं की त्याच्याबरोबर वारही वाढते. डॉक्टर तिला प्लॅसेंटा म्हणतात. ही वार नुसती बाळाला अन्न पोचवणारी नळी नव्हे, ती स्वतः हार्मोन्स तयार करते. या हार्मोन्समुळे आईच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होत जातो. यात निसर्गाचा हेतू चांगलाच आहे, आईच्या रक्तातली साखर थोडी जास्त वेळ रेंगाळावी आणि बाळाला मिळावी. पाचव्या महिन्यानंतर हा जोर वाढतो. मग आईच्या स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त इन्शुलिन तयार करावं लागतं. घरात पाहुणा येणार म्हटलं की चुलीवर भांडं मोठं चढतं, तसंच. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड हे जास्तीचं काम निभावून नेतं. काहींचं थोडं कमी पडतं आणि रक्तात साखर वाढते. हा झाला गरोदरपणातला मधुमेह.

आईचं इन्शुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, साखर मात्र जाते. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड त्या साखरेला तोंड देण्यासाठी जादा इन्शुलिन तयार करतं आणि बाळ वाजवीपेक्षा मोठं होतं. बाळंतपण अवघड होऊ शकतं. जन्मल्याबरोबर वारेतून येणारी साखर बंद होते, पण बाळाचं इन्शुलिन चालूच असतं, त्यामुळे त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते. वेळेवर कळलं तर यातलं बरंच टाळता येतं. बऱ्याच जणींना आहार सांभाळून आणि हालचाल वाढवून भागतं, काहींना औषध किंवा इन्शुलिन लागतं.

आता प्रश्न असा की एकीचं स्वादुपिंड निभावून नेतं आणि दुसरीचं का कमी पडतं? वय, वजन, आधीच्या बाळंतपणात असा त्रास झालेला असणं, ही कारणं आहेतच. आणि आनुवंशिकताही आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला मधुमेह असेल तर शक्यता वाढते, हे पक्कं आहे.

पण ही आनुवंशिकता नेमकी कशी असते, ते समजून घेतलं पाहिजे. ज्यांनी जुन्या पोथ्या पाहिल्या आहेत, त्यांना 'पाठभेद' ही गोष्ट माहीत असेल. एकाच ग्रंथाच्या दहा नकला, नक्कल करणारे दहा, त्यामुळे एखाद्या ओळीत एके ठिकाणी एक अक्षर असतं आणि दुसऱ्या पोथीत दुसरं. ग्रंथ तोच राहतो. जनुकांचंही असंच आहे. प्रत्येकाच्या पोथीत हजारो पाठभेद असतात. २००६ साली आइसलँडमधल्या संशोधकांना टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकात असा एक पाठभेद सापडला, ज्याचा नेहमीच्या मधुमेहाशी, म्हणजे टाइप टू शी संबंध होता. पुढे गरोदरपणातल्या मधुमेहाशीही त्याचा संबंध दिसला. २०१२ साली कोरियातल्या स्त्रियांच्या अभ्यासात सीडीकेएएल१ आणि एमटीएनआर१बी ही दोन नावं पुढे आली. यातलं दुसरं जनुक मेलाटोनिनशी निगडित आहे, तेच ते रात्री अंधार पडला की शरीरात वाढणारं आणि झोपेशी जोडलेलं हार्मोन. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींनाही त्याचा निरोप पोचतो, हे वाचून मला फार नवल वाटलं. २०२४ साली फिनलंडमधल्या मोठ्या अभ्यासात, गरोदरपणात मधुमेह झालेल्या बारा हजारांहून अधिक स्त्रियांची जनुकं तपासून, जनुकसंचातल्या १३ जागा दाखवल्या गेल्या. त्यातल्या काही टाइप टू मधुमेहाच्याच आहेत, तर काहींचा संबंध गरोदरपणाशीच अधिक आहे.

एवढी यादी वाचून कुणी घाबरून जाऊ नये. यातल्या एकेका पाठभेदाचा परिणाम अगदी थोडा असतो. हे पाठभेद दुर्मिळही नाहीत. तुमच्यामाझ्यात, शेजारच्या धडधाकट माणसांत ते असतात आणि त्यातल्या कित्येकांना जन्मभर काही होत नाही. घरोघरच्या या मधुमेहाचं एकच असं 'साखरेचं जनुक' नाही. थेंबाथेंबाने धोका वाढतो, आणि त्याच्या जोडीला वय, वजन, खाणं, बसून राहणं असे आणखी थेंब पडले की भांडं वर येतं.

अपवाद आहेत. ग्लुकोकायनेज नावाच्या एका जनुकात मोठा बदल असलेली काही थोडी घराणी असतात. त्यांची साखर जन्मापासूनच जराशी वर असते आणि पुष्कळदा ती पहिल्यांदा लक्षात येते गरोदरपणात. १९९८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की अशा वेळी बाळाचं वजन आईवर जितकं अवलंबून असतं, तितकंच बाळाला ते जनुक मिळालं की नाही यावरही असतं. बाळाला ते मिळालं असेल तर आईची वाढलेली साखर त्याला नेहमीचीच वाटते आणि ते फार फुगत नाही. म्हणून अशा घरात आणखी कुणाकुणाला साखर आहे, हे डॉक्टरांना कळणं गरजेचं ठरतं, कारण उपचाराची दिशा त्यावर बदलू शकते. पण नेहमीच्या तपासणीत जनुकांची चाचणी कुणी मागत नाही, तिची गरजही नसते. घरातला इतिहास खरा सांगितला तरी खूप झालं.

आता मी त्या मुद्द्याकडे येते, जो कळल्यावर मला स्वतःशीच हसू आलं. आईच्या इन्शुलिनला अडवणारी हार्मोन्स तयार करते ती वार. आणि ही वार बनते मुख्यतः गर्भाच्याच पेशींपासून. म्हणजे तिच्यातली निम्मी जनुकं बापाची! आईच्या पोटात नऊ महिने जे नवं काम निघतं, त्याच्या वारेत सासरचीही निम्मी भागीदारी असते. वडिलांच्या जनुकांमुळेच त्रास झाला, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण "तुझ्या माहेरचं आहे हे," असं बोट दाखवून म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की हे दुखणं एकट्या माहेराच्या खात्यावर मांडता येत नाही. बाळाच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब करायचा तर तिथेही दोन्ही घरांचा निम्मा निम्मा वाटा आहेच.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक सहज आणि दुसरा अपथ्यनिमित्तज. एक आईबापांच्या बीजातून आलेला, दुसरा चुकीच्या खाण्यावागण्यातून. आपल्या दोन म्हणींसारखेच हे दोन, वाण आणि गुण. पण अलीकडच्या अभ्यासाने या दोहोंच्या मधली एक जागा दाखवली आहे, आणि ती जागा म्हणजे आईचं पोट. बाळाला जे पोटात मिळतं, ते धड वाणही नाही आणि धड गुणही नाही. हे वेगळं करून कसं दाखवायचं? त्यासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं एक उदाहरण सांगते.

तिथे हिला नदीच्या काठी राहणाऱ्या मूळ रहिवाशांना बाहेरचे लोक पिमा म्हणतात. ते स्वतःला अकिमेल ओओधम म्हणवतात, म्हणजे नदीचे लोक. या लोकांत मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. २००० साली संशोधकांनी त्यांच्यातली अशी कुटुंबं घेतली, जिथे एकाच आईची काही मुलं तिला मधुमेह होण्याआधी जन्मली होती आणि काही नंतर. आई तीच, बाप तोच. पण आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांच्या आधीच्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. वडिलांना मधुमेह होण्याआधी आणि नंतर जन्मलेल्या मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. बीज तर सगळ्या भावंडांना त्याच दोन घरांतलं. म्हणजे वेगळं होतं ते पोटातलं वातावरण.

याच लोकांची दुसरी गोष्टही सांगण्यासारखी आहे. त्यांचे जवळचे भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतल्या पिमांमध्ये मधुमेहाचं प्रमाण सुमारे सात टक्के होतं आणि ॲरिझोनातल्यांत सुमारे अडतीस टक्के. ॲरिझोनातल्या पिमांची शेती हिलाच्या पाटाच्या पाण्यावर होती. एकोणिसाव्या शतकात वरच्या बाजूला वसलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळवलं. शेती गेली, श्रम गेले आणि ताटात सरकारी मदतीचा मैदा आणि चरबी आली. ज्यांचं पाणी वळवलं गेलं, त्यांच्याच रक्तात खोट आहे असं पुढे जग म्हणू लागलं! खाण तशी माती म्हणताना खाणीवरचं पाणी कुणी पळवलं, हेही विचारायला हवं, नाही का?

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं वजनाने, लांबीने, पोटाच्या घेराने सगळीकडे लहान. पण त्वचेखालची चरबी मोजली तर तिथे मात्र ती फारशी मागे नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबी धरलेली. २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात याज्ञिकांनी त्यांचे मित्र जॉन युडकिन यांच्याबरोबरचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. "मुलगी तर काडीसारखी आहे, हिला कशी शुगर?" असं जे आपण म्हणतो, त्याचं उत्तर या फोटोत आहे. आपल्याकडे बारीक अंगाची मुलगी सुरक्षित आहे, असं धरून चालता येत नाही. आणि आज जी गरोदर आहे, ती तीस वर्षांपूर्वी स्वतः एका आईच्या पोटात होती. त्या आईला तेव्हा काय खायला मिळालं, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलंच मिळालं का, याचेही धागे इथपर्यंत पोचतात.

आता घरातल्या प्रश्नाकडे वळते.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका सुनेची गोष्ट. नाव सांगत नाही. तिच्या वडिलांना आणि आत्याला मधुमेह. लग्न ठरताना ही गोष्ट झाकून ठेवली गेली होती, कारण आधीचं एक स्थळ त्यावरूनच मोडलं होतं. दिवस गेले, दवाखान्यात नाव घातलं. तिथे माहिती लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, घरात कुणाला शुगर, बीपी? सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या. ती म्हणाली, नाही. मग साखरेचं पाणी पिऊन तपासणी झाली, त्यात शुगर निघाली. पुढे आहार, चालणं आणि शेवटी इन्शुलिन, सगळं व्यवस्थित पार पडलं. मुलगी झाली, गोड आहे. नंतर एकदा जिन्यात बोलताना ती मला म्हणाली, "काकू, आईंसमोर कसं सांगणार होते मी? बाबांनी लपवलं असं झालं असतं."

विचार करा. जो प्रश्न तिच्या भल्यासाठी विचारला गेला होता, त्याला खरं उत्तर देणं तिला परवडत नव्हतं. तो प्रश्न आपण घरात आरोपासारखा वापरतो, म्हणून. आरोपीला खरं बोलायला कोण सांगणार?

म्हणूनच मला सरसकट तपासणीचा नियम फार शहाणपणाचा वाटतो. केंद्र सरकारने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१८ साली त्या सुधारल्या. त्यांच्यानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी पहिल्याच भेटीत करायची आणि तेव्हा काही निघालं नाही तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची. उपाशीपोटी यायची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. या पद्धतीमागे चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचं मोठं काम आहे. खेड्यातून दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला उपाशी बसवून ठेवायला लागू नये, पुन्हा हेलपाटा पडू नये, हा विचार त्यात आहे. आणि मला दिसतो तो आणखी एक फायदा म्हणजे ही तपासणी सगळ्यांची होते. कुणाला काही कबूल करावं लागत नाही. जिला खरं बोलायची सोय नाही, तिलाही ती सांभाळून घेते.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात. नव्हतं म्हणजे काय, तर तपासणी नव्हती. माझ्या एका मावशीची तीन बाळंतपणं घरीच झाली. शेवटचं मूल इतकं थोराड की सुईणीने दारात येऊन सांगितलं, "बाळसं घेऊनच आलंय." लोकांनी कौतुक केलं, तीट लावली. पुढे पन्नाशीच्या आत मावशीला मधुमेह निघाला आणि त्यातच तिची दृष्टी गेली. तपासणीच झाली नव्हती, त्यामुळे त्या दोन गोष्टींचा संबंध होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आज एखाद्या डॉक्टरला ही हकिगत सांगितली तर तो मान हलवेल. १९६४ साली बॉस्टनमध्ये ओसुलिव्हन आणि महान यांनी गरोदरपणातल्या साखरेची मोजमापं पहिल्यांदा ठरवली. ती ठरवताना त्यांनी पाहिलं होतं ते हेच, की यातल्या कोणत्या बायकांना पुढे मधुमेह होतो. म्हणजे सुरुवातीपासून ही तपासणी बाळाइतकीच आईच्या पुढच्या आयुष्यासाठीही होती. आपण तेवढं नेमकं विसरलो.

कारण बाळंत झाली की काय होतं? साखर बहुधा जागेवर येते. घरात आनंदीआनंद. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतविडे. सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे. "गेली बाई एकदाची शुगर," म्हणून फाईल कपाटात जाते. पण गरोदरपणातला मधुमेह ही पुढची सूचना असते. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अशा स्त्रियांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सातपट निघाला. २०२० साली तसंच पुन्हा केलं, तेव्हा जवळजवळ दहापट. म्हणून सूचना अशी आहे की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची आणि नंतरही दरवर्षी साखर पाहत राहायची.

आणि यात हातावर हात धरून बसायचं कारण नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्या बायकांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेला होता आणि साखर पुन्हा वर सरकू लागली होती, त्यांच्यात खाणं, चालणं, वजन यांकडे नेटाने लक्ष दिल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. बाळाला अंगावर पाजल्यानेही आईचा हा धोका कमी होतो, असं दिसलं आहे. पाठभेद तेच राहिले, पण गोष्ट वेगळी घडली.

पण चालायला जायचं तर बाळ कुणीतरी घ्यायला हवं. भाकरी आणि पालेभाजी खायची तर ती घरात सगळ्यांसाठी व्हायला हवी, तिच्या एकटीसाठी वेगळी नव्हे. 'तुझी शुगर, तुझं पथ्य' असं म्हणणाऱ्या घरात पथ्य पंधरा दिवस टिकतं. जनुकांत निम्मा वाटा असलेल्या घराने पथ्यातही निम्मा वाटा उचलावा, एवढंच माझं म्हणणं.

कुणी म्हणेल, मग लग्नाआधीच विचारावं की घरात मधुमेह आहे का. जरूर सांगावं, पण दोन्हीकडच्यांनी, आणि स्थळ मोडण्यासाठी नव्हे. नाहीतर पत्रिकेतल्या मंगळाच्या जोडीला हा नवा मंगळ यायचा आणि तोही मुलीच्याच पत्रिकेत बसायचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिएब पाहणीनुसार देशात मधुमेह असलेली माणसं दहा कोटींहून अधिक आहेत, आणि उंबरठ्यावर उभी असलेली साडेतेरा कोटींहून अधिक. ज्या घरात कधी मृत्यू झाला नाही, त्या घरची मोहरी आणायला किसा गौतमी गेली होती. मधुमेह नसलेल्या घरची सोयरीक शोधणाऱ्याची गत तिच्याहून निराळी होणार नाही.

तेव्हा माझ्या वयाच्या सासवांना आणि आयांना माझं सांगणं आहे. लेकीला किंवा सुनेला दिवस गेले की दोन्ही घरांतल्या साखरेची माहिती एका कागदावर लिहा. आजोबा, आजी, आत्या, मामा, कुणाला कोणत्या वयात निघाली, सगळं. सासरची माहिती आधी लिहा, म्हणजे तिला माहेरची सांगायला धीर येईल. तो कागद तिच्या फाईलमध्ये ठेवा आणि डॉक्टर विचारतील तेव्हा तुम्ही आधी बोला.

आणि बाळंतपणानंतरचं एक. बाळाला सहाव्या आठवड्यात लस द्यायला नेतातच, ती तारीख कुणी चुकवत नाही. तिला शुगर निघालेली असेल तर त्याच आठवड्यात तिचीही तपासणी करून घ्या. आपल्या घरात कालनिर्णयावर दुधाचा खाडा लिहितात, गॅस कधी लावला ते लिहितात. त्याच चौकटीत बाळाच्या लसीखाली आणखी दोन शब्द लिहिता येतील, 'आईची शुगर'.